आज्याचा जबाब

(चाकणजवळ खालुंब्र्याला आम्ही राहतो त्या खोल्यांपुढच्या अंगणात, गुरुवारी, आमच्या आज्याच्या आठवणीची बैठक झाली. तिथे आम्ही आळीपाळीने वाचलेलं हे बोलणं. पत्रिकेसाठी थोडं सारखं करून दिलं आहे.)



आधी एक सांगून टाकतो. छापायला द्यायचं आहे तर 'आजोबा' लिहा, 'ते आले, ते बोलले' असं लिहा, असं आमच्यातल्या कॉलेज केलेल्या एकाने सुचवलं. पण आम्ही त्याला जन्मभर आजा म्हणत आलो, अरे-तुरे करत आलो. त्याच्या मुलांनीही त्याला 'बा' म्हणून एकेरीतच हाक मारली. आता तो नाही म्हणून एकदम परका करायचं आमच्या जिवावर आलं. तेव्हा आजाच लिहिलंय.

आम्ही म्हणजे त्याचे दोन मुलगे आणि सहा नातवंडं. वाडी भोरगिरीच्या वरच्या अंगाला, खेड तालुक्याच्या पार पश्चिमेला, भीमाशंकरच्या जंगलाला लागून. आम्ही महादेव कोळी. धाकटा मुलगा वाडीत शेती बघतो, थोरला इकडे रात्रपाळीचा वॉचमन आहे. नातवंडांपैकी तिघं चाकणच्या एमआयडीसीत, एक तळेगावला, एक भोसरीला, आणि आमची बहीण महाळुंग्याला पॅकिंगच्या लाईनवर. सगळे कंत्राटी.

वर्षश्राद्ध वाडीतच झालं. पण त्या दिवशी इकडून आमच्यातले दोघंच जाऊ शकले. बाकीच्यांच्या पाळ्या होत्या, आणि कंत्राटी कामगाराला एक खाडा कितीला पडतो ते इथे बसलेल्यांना सांगायला नको. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत बहुतेक कारखान्यांची सुट्टी गुरुवारची. म्हणून आज बसलोय. शेजारच्या खोल्यांतले जुन्नर-आंबेगावचे, अकोले तालुक्यातले, बीड-नांदेडकडचे मित्रही आलेत. त्यांनी आज्याला याच ओट्यावर बसलेलं पाहिलंय, त्याची तंबाखू खाल्लीय. भोसरीहून धाकला आजा आलाय, म्हणजे आज्याचा चुलत भाऊ. तो मागे खुर्चीवर बसलाय. त्याच्याबद्दल पुढे बोलायचं आहे, आणि त्याच्या तोंडावरच बोलायचं आहे.

आज्याचं वय किती होतं ते त्यालाही ठाऊक नव्हतं. मतदार कार्डावर जन्मतारीख १ जून. आमच्या भागातल्या निम्म्या माणसांचा जन्म १ जूनचा, कारण शाळेत नाव घालताना मास्तर तीच तारीख टाकायचे. आजा तर शाळेत गेलाच नव्हता, त्याला १ जून कुणी दिली देव जाणे. तो स्वतः सांगायचा, गांधीबाबाला मारल्याची बातमी वाडीत आली तेव्हा तो गुरांमागे जात होता आणि हातातली काठी त्याच्यापेक्षा उंच होती. म्हणजे १९४८ साली सात-आठ वर्षांचा धरा. गेल्या वर्षी, २०१२ च्या आषाढात गेला, तेव्हा सत्तरी ओलांडलेली होती.

तारखा त्याला येत नव्हत्या, पण सालं पक्की होती. कुठलंही साल तो दुसऱ्या कशाला तरी बांधून ठेवायचा. मिलो खाल्ला ते साल. अभयारण्याची पाटी लागली ते साल. मुंबई बुडाली तो पाऊस. लहानपणी आम्हाला याचं हसू यायचं. पुढे हेच कामाला आलं, ते सांगतोच.

आता त्याच्या कामाबद्दल. पुणे जिल्ह्याबाहेर जे वाचतील त्यांच्यासाठी पडकई म्हणजे काय ते सांगायला हवं. डोंगराच्या उतारावर भात होत नाही, पाणी थांबत नाही. नाचणी-वरई होते, तीही दोन-तीन वर्षं, मग जमीन दमते. म्हणून उताराला आडवी दगडांची ताल घालायची. वरच्या अंगाची माती खणून खाली ओढायची. पाऊस आणखी माती आणून तालीमागे टाकतो. दोन-तीन पावसाळे गेले की सपाट तुकडा तयार होतो, त्यात पाणी उभं राहतं, आणि ते झालं भाताचं खाचर. हे एका घराच्यानं होत नाही. दहा-बारा घरं एकत्र येतात, आज तुझ्या रानात, उद्या माझ्या. मजुरी नाही, ज्याच्या रानात काम त्याच्याकडची भाकर. होळी झाली की सुरू, आणि राब भाजून पेरणीची घाई लागेस्तोवर चालू. मध्ये हिरडा आला की सगळे हिरड्याला, कारण बाळहिरडा झाडावर थांबत नाही, आणि वर्षाचं मीठ-मिरची-कापड त्याच्यावरच.

शेजारच्या आंबेगाव तालुक्यात शाश्वत संस्थेने ही पडकई पुन्हा जोमाने चालू केली आणि २०१२ साली तिला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचं इक्वेटर पारितोषिक मिळालं. आम्हाला हे उशिरा कळलं, आज्याला सांगायचं राहून गेलं. सांगितलं असतं तर त्यानं विचारलं असतं, बक्षिसात पहारी दिल्या का?

आज्याने आयुष्यात चार खाचरं केली. बारीकसारीक ताली किती घातल्या त्याला गणती नाही, पण नाव ठेवलेली चार. वरलं, वडाचं, मिलोचं आणि धाकटीचं. धाकटीचं म्हणजे आमच्या धाकट्या आत्याच्या जन्माच्या उन्हाळ्यात झालेलं. मिलोचं सगळ्यात मोठं. आमच्याकडे पाऊस दांडगा असतो, पण बहात्तरच्या दुष्काळात आमच्याकडचंही भात पळींज गेलं. रेशनवर तांबडा मिलो मिळायचा, तो खाऊन ती ताल घातली. आजी सांगते, मिलोच्या भाकरीनं पोट गच्च व्हायचं, पहार उचलवत नसे. तरी बारा घरांची माणसं त्या उन्हाळ्यात आमच्या रानात राबली. त्या बारांतलं एक घर धाकल्या आज्याचं.

त्या खाचराच्या मधोमध एक उंचवटा आहे. न खणलेला, मूळ जमिनीचा, कमरेएवढा उंच, आणि त्यावर हिरड्याचं झाड. नांगर फिरवताना दर वेळी त्याला वळसा घालावा लागतो. हा उंचवटा का ठेवला, याची गोष्ट पिंपरीत सुरू होते.

आम्ही कंपनीत लागलो तेव्हा आम्हाला वाटायचं, वाडीतून इकडे येणारे आम्हीच पहिले. तसं नव्हतं. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली झालं आणि पिंपरी-चिंचवड-भोसरीच्या माळांवर कारखान्यांचे पाये खणायला लागले. आजा तेव्हा विशीत होता. भात काढून झालं की टोळी डोंगर उतरून वाड्याला यायची आणि तिथून मिळेल त्या ट्रकने पुढे. मातीकाम ब्रासवर होतं. जितके ब्रास खणाल तितके पैसे. मुकादम खड्ड्याची खोली नेमकी उथळ कडेला मोजायचा आणि कमी ब्रास लिहायचा. पहिला उन्हाळा असाच फुकट गेला. उचल फिटली नाही, उलट अंगावर आली. कंपनीचं आणि मुकादमाचं नाव आजा सांगायचा, आम्ही इथे देत नाही.

दुसऱ्या वर्षी टोळीतल्या एका म्हाताऱ्याने युक्ती शिकवली. खड्ड्याच्या मध्ये मूळ जमिनीचा एक खुंट न खणता तसाच ठेवायचा. मोजणी होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. किती माती निघाली ते मग कुणालाही नुसतं बघून कळतं, मुकादमाला काठी कुठेही लावू दे. आजा त्या खुंटाला साक्षीदार म्हणायचा. त्या वर्षी हिशेब सरळ झाला आणि आजीला लुगडं आलं. ते लुगडं आजी अजून काढून दाखवते.

मिलोचं खाचर करताना त्याने मध्ये साक्षीदार ठेवला तो या सवयीने. झाड वाचवायचं होतं हेही खरं, हिरड्याचं झाड कोण तोडतो? पण दोन्ही कारणं तो सांगायचा, आणि कुठलं आधी सांगेल त्याचा नेम नसे.

पुढे जंगलखात्याचं सुरू झालं. १९८५ साली भीमाशंकर अभयारण्य जाहीर झालं, शेकरूसाठी. पाटी लागली. शेकरूचं आणि आमचं कधी भांडण नव्हतं. हिरडा, आंबा, जांभूळ आम्हीही खातो, तेही खातं. पण पाटीनंतर राबासाठी फांद्या तोडल्या की कोयता जप्त, ताल दुरुस्त केली की दंड. एका वनरक्षकाने मिलोच्या खाचरात नांगरट केली म्हणून आज्याकडून दंड घेतला. निदान पावती तरी दिली. आज्याने ती पत्र्याच्या डब्यात ठेवली. याच पत्रिकेचे जुने अंकही त्या डब्यात होते. वाचता येत नव्हतं, पण सायक्लोस्टाईलच्या शाईचा वास त्याला आवडायचा आणि आम्ही गेलो की वाचून घ्यायचा. पावती का जपलीस, असं विचारलं तर म्हणाला, "पैसं भरल्याला कागुद कोन टाकतं का?" त्याला पुढचं काही दिसत होतं असं म्हणणार नाही. पैसे गेल्याचं दुःख होतं, तेच डब्यात ठेवलं होतं.

वाळवीने त्या पावतीचा वरचा कोपरा खाल्ला. नेमका तारखेचा.

आज्याचा इकडचा मुक्काम थोडा सांगतो, कारण शेजाऱ्यांना तोच ठाऊक आहे. २०११ च्या पावसाळ्यात त्याला मोतीबिंदू काढायला पिंपरीच्या सरकारी दवाखान्यात आणला होता. महिनाभर इथे राहिला. खोलीत बसवेना म्हणून ओट्यावर बसायचा. एका गुरुवारी त्याला कंपनी दाखवायला नेला. आत कोण सोडतो, बाहेरूनच दाखवली. तो गेटकडे बघेचना. कुंपणाची दगडी भिंत हाताने चाचपत दोन-तीनशे पावलं चालला आणि म्हणाला, "पानी निघाया वाटच नाय ठिवली. फुगंल ही." डोळ्यावर हिरवी पट्टी, आणि भिंतीची परीक्षा करतोय! आम्ही हसलो. पुढच्या पावसाळ्यात तेवढाच भाग रस्त्याकडे आडवा झाला. तोवर आजा गेला होता.

त्याच मुक्कामात ९ ऑगस्टची बातमी आली. मावळात बऊर इथे द्रुतगती महामार्गावर शेतकऱ्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. पवना धरणातून पिंपरी-चिंचवडला बंद नळाने पाणी न्यायला त्यांचा विरोध होता. तिघांचा जीव गेला, त्यात एक बाई. ९ ऑगस्ट म्हणजे क्रांतिदिन, आणि जागतिक आदिवासी दिनही तोच. आम्ही दरवर्षी त्या दिवशी झेंडा घेऊन निघतो. आज्याने विचारलं, आपल्या या नळाला पाणी कुठलं? भोसरीच्या भावाने सांगितलं, माझ्याकडे पवनेचंच येतं. आजा बराच वेळ गप्प. मग म्हणाला, त्यांच्याकडं सातबारा हाये, तरी असं. बस, इतकंच. आम्हाला वाटलं अजून काही बोलेल, पण तो तांब्या घेऊन उठला.

आता मुख्य गोष्ट.

वनहक्क कायदा २००६ चा, अंमल २००८ पासून. इथल्या सगळ्यांना माहीत आहे, पण कंपनीतल्या पोरांना नसतं म्हणून थोडक्यात. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जी वनजमीन आदिवासी कसतो तिच्यावर त्याचा हक्क मान्य होतो, चार हेक्टरपर्यंत. दावा ग्रामसभेकडे करायचा, पुरावे किमान दोन. सरकारी कागदच पाहिजे असं नाही. जमीन सपाट केलेली, ताल घातलेली, बांध घातलेला, हाही पुरावा. गावातल्या म्हाताऱ्या माणसाचा लेखी जबाब हाही पुरावा. फक्त तो म्हातारा स्वतः दावेदार नसावा. आपल्या दाव्यात आपलीच साक्ष चालत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा.

२००९ साली वनहक्क समितीने जबाब लिहायला घेतले. वाडीत त्या वेळी मिलोच्या सालाआधीचं सगळं डोळ्यांनी पाहिलेली दोनच माणसं धडधाकट होती, आजा आणि धाकला आजा. आज्याने नऊ घरांसाठी जबाब दिले. लिहायला आमच्यातला एक होता, दहावीच्या सुट्टीत घरी आलेला. त्याने सुरुवात केली, 'पूर्वापार कसत आहेत.' आज्याने थांबवलं. "पूर्वी म्हंजी कवा? आसं लिव्हू नको. कोनी बी म्हनंल." मग तो सांगायला लागला. अमक्याची खालची ताल मिलोच्या उन्हाळ्यातली, कोण कोण कामाला होतं, त्यातलं कोण जिवंत आहे. तमक्याचं खाचर पाटी लागायच्या आधी दोन पावसाळे, बैल कुणाचे होते. डोळ्यात मोतीबिंदू, दहा पावलांवरचं माणूस ओळखू येत नव्हतं, पण शिवारात पायांनी सगळं ओळखायचा. समितीची पोरं जीपीएसचं यंत्र घेऊन मागे, आणि हा पुढे, "इथं दगूड हाये बघ, पाचोळ्याखाली." पाचोळा काढला की दगड.

आणि शेवटचा प्रश्न तो प्रत्येकाला एकच विचारायचा. मुंबई बुडाली त्या पावसात इथं काय व्हतं? मुंबई बुडाली २६ जुलै २००५ ला. कायद्याची तारीख त्याच सालाच्या डिसेंबरची. १३ डिसेंबर कुणाला आठवणार? तो पाऊस मात्र सगळ्यांना आठवतो, आमच्याकडेही दरडी आल्या होत्या. कुठल्याही गावात जबाब लिहायचे असतील तर हा प्रश्न उचला. आज्याची परवानगी आहे असं समजा.

धाकल्या आज्याच्या तीन खाचरांचा जबाब आज्यानेच दिला. चौथ्या तुकड्यापाशी अडलं. तो तुकडा त्याच्या मुलाने केलेला. भोसरीतलं त्याचं काम सुटलं, दोन पोरं घेऊन वाडीत परत आला, खायला काही नव्हतं, म्हणून वरच्या अंगाची कारवी काढून जमीन मोकळी केली. साल २००७. आज्याने प्रश्न विचारला, मुंबई बुडाली तवा इथं काय व्हतं? कुणी बोलेना. मग स्वतःच म्हणाला, "कारवी व्हती. मीच तोडून नेली कुडाला." आणि अंगठा दिला नाही.

त्या दिवसापासून दोन घरांचं बोलणं बंद. लग्नाला नाही, सुतकाला नाही. खरं सांगायचं तर आमच्यातल्या दोघांचं आजही मत आहे की आज्याने अंगठा द्यायला हवा होता. गरज खरी होती. जमीन कुणाच्या बापाची हिरावली नव्हती. अधिकारी थोडेच कारवी मोजायला येणार होते? बाकीचे म्हणतात, एक जबाब खोटा निघाला असता तर नऊच्या नऊ घरांचे गेले असते. आज्याला आम्ही विचारलं होतं. तो म्हणाला, मला जे दिसलं नाय ते मी कसं सांगू. त्याने कायद्याचा विचार केला होता की नाही, माहीत नाही. मात्र त्याला झोप लागत नव्हती. आजी सांगते, रात्री उठून ओटीवर बसायचा आणि समोर धाकल्या भावाच्या घरातला दिवा बघायचा.

त्या नऊ घरांपैकी सात घरांना हक्काचा कागद मिळाला, धाकल्या आज्याच्या तीन खाचरांसकट. उरलं कोणाचं, तर आमचंही एक. आमच्या दाव्याला पुरावा म्हणून तारीख नसलेली पावती आणि खाचरं. जबाब कोण देणार? आज्याला स्वतःच्या दाव्यात देता येत नाही. देऊ शकणारा माणूस एकच, आणि तो बोलत नव्हता.

आषाढात लावणी चालू असताना आजा गेला. आजारी नव्हता. सकाळी आवण उपटायला बसला, दुपारी जेवला, टेकला, तो उठला नाही. वाडीतून फोन लागायचे तितके लागले, पण दुसऱ्या पाळीला फोन गेटवर जमा असतात. गेटवर निरोप दिला होता. तो आत कुणी सांगितला नाही, पाळी सुटल्यावर रात्री साडेअकराला कळलं. आम्ही पोचलो तेव्हा राख सावडायची वेळ झाली होती. कंपनीचं नाव घेत नाही. आमच्यातला एक अजून तिथेच कामाला आहे.

धाकला आजा तेव्हा भोसरीला होता, मुलाला परत काम लागलं म्हणून. तो दहाव्याला आला. घाटावर एका बाजूला उभा राहिला आणि कुणाशी न बोलता गेला.

नंतर दाव्याची चौकशी करायला आम्ही एका कचेरीत गेलो. तिथल्या बाबूने सांगितलं, माणूस गेला, दावा गेला. आम्ही खाली मान घालून परत आलो. संघटनेच्या कार्यकर्त्यांनी कायद्याचं पुस्तक पुढे ठेवलं तेव्हा कळलं. हा हक्क वारसाने चालतो. विकता येत नाही, दुसऱ्याच्या नावे करता येत नाही, पण वारसाला मिळतो. आणि नवराबायको दोघांच्या नावाने कागद निघतो. म्हणजे दावा आजीचाही होताच. ती आहे. दाव्यावर तिचाही अंगठा आहे. तुमच्याकडे कुणाला असं 'दावा गेला' म्हणून परत पाठवलं असेल तर परत जा.

आता आजचं. उपविभागीय समितीकडून आमचा दावा ग्रामसभेकडे परत आलाय, आणखी पुरावा जोडा म्हणून. उपग्रहाच्या नकाशात जंगल दिसतं, असंही म्हटलंय. खाचरात हिरड्याचं झाड आहे, वरून जंगलच दिसणार. गेल्या सप्टेंबरमध्ये नियम सुधारले, त्यात साफ लिहिलंय की उपग्रहाचं चित्र बाकीच्या पुराव्याला जोड म्हणून चालेल, त्याच्या जागी चालणार नाही. त्याच नियमांनी ग्रामसभेची गणपूर्ती दोन तृतीयांशवरून निम्म्यावर आणली. निम्मे सभासद हजर हवेत, त्यात एक तृतीयांश तरी बाया हव्यात, आणि दाव्यांवर ठराव करायचा तर निम्मे दावेदार किंवा त्यांची माणसं हवीत.

निम्मेही जमत नाहीत. दोन वेळा सभा बोलावली, दोन्ही वेळा गणपूर्ती झाली नाही. यादीत नावं आहेत, माणसं चाकणला. आम्हीच. आजा जिवंत असताना म्हणायचा, वाडी खाली गेली. आम्हाला वाटायचं म्हातारा कुरकुरतोय. मतदार यादी घेऊन बसलो आणि इकडे राहणाऱ्यांवर खुणा केल्या तेव्हा पान भरून गेलं.

म्हणून समितीला आम्ही लिहून दिलं की ग्रामसभा गुरुवारी ठेवा. रविवारी नको, सणाच्या दिवशी नको, गुरुवारी. समितीने मान्य केलं. लावणी आटोपली की ऑगस्टच्या शेवटच्या गुरुवारी सभा आहे. आज इथे आमच्या गावची जी अठरा माणसं आहेत त्यांनी मतदार कार्ड घेऊन यायचं आहे. बायांनी तर यायचंच. पॅकिंगच्या लाईनवरच्या पोरींनी सुपरवायझरला आत्ताच सांगून ठेवा, त्या दिवशी ओव्हरटाईम नाही.

आणि धाकल्या आज्या, आता तुझ्याशी.

तुझ्या मुलाच्या तुकड्याचं जे झालं ते आम्ही विसरायला सांगत नाही. आज्याच्या वतीने माफीही मागत नाही, त्याला ती आवडली नसती. आम्ही फक्त एवढं विचारतो की मिलोच्या उन्हाळ्यात तू आमच्या रानात होतास का. ताल कुठून सुरू झाली, कुठवर गेली, हिरड्याचं झाड तेव्हा केवढं होतं, हे तुला ठाऊक आहे. आता दुसऱ्या कुणाला ठाऊक नाही. जे दिसलं नाही ते सांगू नको. जे दिसलं ते सांग. वरल्या खाचराचं तुला आठवत नसेल तर तसं लिहू.

तुझ्या मुलाच्या तुकड्याचा व्यक्तिगत दावा होत नाही, पण गावाच्या सामूहिक दाव्यात तो डोंगर सगळा आहे. चराईला, कारवीला, हिरड्याला. त्या दाव्यावर सही करायला त्याचीही गरज आहे. त्यालाही घेऊन ये.

टेम्पो ठरवलाय. त्या गुरुवारी पहाटे चार वाजता भोसरीच्या चौकातून निघेल, मग मोशी, चाकण, राजगुरुनगर. खालुंब्रे-महाळुंग्याच्या लोकांनी साडेचारला चाकणच्या चौकात उभं राहायचं. डेहण्याला चहा. रस्ता संपला की वाडीपर्यंत चढण आहे, ती तुला आता जमणार नाही हे आम्हाला माहीत आहे. चौघं जण डोली करू, नाहीतर पाठीवर घेऊ, तू काही जड नाहीस. टेम्पोत ड्रायव्हरशेजारची जागा तुझी. दुसऱ्या कुणी तिथे बसायचं नाही. तू आला नाहीस तरी ती जागा वाडीपर्यंत रिकामीच नेणार आहोत.